विमानाला पडलेला पोचा लपवावा लागू नये

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उभ्या विमानाला एखादे वाहन धडकल्याची बातमी अधूनमधून आपल्या वर्तमानपत्रांत येते आणि बहुतेक वेळा ती एकाच वाक्यावर संपते : संबंधित चालकाला कामावरून दूर करण्यात आले असून चौकशी सुरू आहे. १४ जुलै २०२५ रोजी मुंबई विमानतळावर आकासा एअरच्या उभ्या विमानाला मालवाहू ट्रक धडकला. त्याच्या तीन महिने आधी, १८ एप्रिल रोजी, बेंगळुरूला इंजिनाच्या दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या इंडिगोच्या विमानाच्या पोटाखाली एक टेम्पो ट्रॅव्हलर शिरला. दोन्ही ठिकाणी जीवितहानी झाली नाही आणि दोन्ही बातम्या चार दिवसांत मागे पडल्या.

मी मुंबई विमानतळावर एकतीस वर्षे विमानांभोवतीची वाहने चालवली. सामानाचा ट्रॅक्टर, सरकत्या पट्ट्यावरून सामान विमानात चढवणारा बेल्ट लोडर, प्रवाशांची शिडीगाडी आणि शेवटची नऊ वर्षे पुशबॅकचा, म्हणजे उभ्या विमानाला मागे ढकलणारा ट्रॅक्टर, अशी माझी नोकरी झाली. त्या अनुभवावरून सांगतो, की अशा गाजलेल्या धडकांची मला तेवढी धास्ती वाटत नाही, कारण त्या चारचौघांनी पाहिलेल्या असतात, विमान जागेवरच थांबवले जाते, अभियंते येतात आणि तपासणी होते. मला धास्ती वाटते ती रात्री अडीच वाजता कोणी न पाहिलेल्या, चालकाने कोणाला न सांगितलेल्या आणि पहाटेच्या उड्डाणाबरोबर आकाशात गेलेल्या पोच्याची.

विमान जवळून न पाहिलेल्या माणसाला वाटते, की एवढे अजस्र यंत्र, त्याला सामानाच्या गाडीचा धक्का लागून असे काय होणार आहे. प्रत्यक्षात विमानाच्या अंगाचा अॅल्युमिनियमचा पत्रा अनेक ठिकाणी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो आणि आतून गोल कड्यांनी व लांब पट्ट्यांनी तो तोललेला असतो. पस्तीस हजार फुटांवर बाहेरची हवा इतकी विरळ असते, की त्या हवेत माणूस मिनिटभरातच शुद्ध हरपेल. म्हणून विमानाच्या आत हवा दाबाने भरून ठेवलेली असते आणि तिच्यामुळे पत्र्याच्या दर चौरस मीटरवर आतून बाहेरच्या दिशेने पाच टनांहून अधिक जोर पडत असतो. विमान वर चढते तसा हा जोर वाढतो, खाली येते तसा ओसरतो, आणि देशांतर्गत फेऱ्या करणाऱ्या विमानाच्या बाबतीत हे दिवसातून पाच-सहा वेळा घडते. धड असलेला पत्रा हे हजारो वेळा सोसतो. जिथे तो मुडपलेला किंवा चिरलेला असेल, तिथे मात्र तेवढ्याच जोराने तो एखाद्या दिवशी फाटतो.

हे कसे घडते याचा दाखला अमेरिकेतल्या सिअॅटल विमानतळावरचा आहे. २६ डिसेंबर २००५ रोजी अलास्का एअरलाइन्सचे एमडी-८३ जातीचे विमान तिथून उडाले आणि सुमारे २६ हजार फुटांवर असताना मोठा आवाज होऊन आतला हवेचा दाब निघून गेला. प्रवाशांनी प्राणवायूचे मुखवटे लावले, वैमानिकांनी विमान झपाट्याने खाली आणले आणि ते सुखरूप परत उतरवले. तपासणीत विमानाच्या कुशीला सुमारे फूटभर लांबीचे भोक सापडले. उड्डाणापूर्वी सामान चढवताना एका कर्मचाऱ्याचे वाहन तिथे घासले होते आणि ते त्याने कोणालाही सांगितले नव्हते. सांगितले ते विमान परत आल्यावर. त्याने आधी तोंड उघडले असते, तर ते विमान काही तास जमिनीवर थांबले असते, इतकेच. मी ही हकिगत अनेक नव्या चालकांना सांगितली आहे आणि दरवेळी त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : मग त्या माणसाचे काय झाले? विमानाचे काय झाले, हा त्यांचा दुसरा प्रश्न असतो. प्रश्नांच्या या क्रमातच आपल्या विमानतळांचे खरे दुखणे आहे.

मलाही एकदा त्या जागी उभे राहावे लागले आहे, आणि त्याविषयी मी आजवर कुठे लिहिलेले नाही. १९९८ सालचा ऑगस्ट महिना होता, रात्री दोनचा सुमार आणि पाऊस कोसळत होता. आखातातून आलेल्या विमानाच्या मागच्या सामानकक्षाच्या दाराशी मला बेल्ट लोडर लावायचा होता. नियमाप्रमाणे मी काही अंतरावर गाडी पूर्ण थांबवून ब्रेक तपासला. ब्रेक लागला. मग चालीच्या वेगाने पुढे सरकलो आणि शेवटचे हातभर अंतर उरले असताना ओल्या गमबुटाचा तळवा ब्रेकच्या पेडलवरून सटकला. त्या पेडलचे रबर झिजून गेले होते आणि आतले लोखंड गुळगुळीत झाले होते. ते बदलावे, अशी नोंद मी त्याआधीच्या दोन आठवड्यांत बिघाडाच्या वहीत तीनदा केली होती. पट्ट्याच्या टोकाचा रबरी बफर दाराच्या चौकटीखाली टेकला. आवाज झाला असेल, तर तो शेजारच्या जनरेटरच्या घरघरीत विरून गेला. उतरून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर तळहाताएवढा काळा डाग आणि बोट फिरवले तरच जाणवेल असा किंचित खोलगटपणा.

माझ्याबरोबरचा सामान चढवणारा कामगार माझ्यापेक्षा वयाने लहान होता. तो म्हणाला, ‘मामा, रबराचा डाग आहे नुसता. फडक्याने पुसा आणि चला.’ तो वाईट माणूस नव्हता. माझ्या दोन्ही मुली शाळेत आहेत आणि घरात मिळवणारा मी एकटाच आहे, हे त्याला ठाऊक होते. मी दोन-तीन मिनिटे त्या पावसात तसाच उभा राहिलो. फडका हातातही घेतला होता. शेवटी वॉकी-टॉकीवरून कळवले. अभियंता आला, त्याने आतले अस्तर उघडून पाहिले आणि आतले कडे वाकल्याचे सांगितले. विमान साडेतीन तास थांबले. जाताना तो मला म्हणाला, ‘तुम्ही सांगितलेत म्हणून कळले. बाहेरून मला हे दिसले नसते.’

त्या वाक्याबद्दल मला शाबासकी मिळाली नाही. चौदा दिवसांचे बिनपगारी निलंबन झाले आणि सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा आला. वहीतल्या माझ्या तीन नोंदींचा चौकशीत उल्लेखही झाला नाही. पेडलला नवे रबर मात्र तिसऱ्याच दिवशी बसवण्यात आले, असे एका सहकाऱ्याने घरी येऊन सांगितले. शिक्षा माझ्या एकट्यापुरती राहिली असती तर मी हे आज उगाळत बसलो नसतो. ती शिक्षा कॅन्टीनमध्ये बसणाऱ्या दोनशे माणसांनी पाहिली आणि त्यातून जो धडा घ्यायचा तो प्रत्येकाने घेतला. पुढच्या काही वर्षांत पाळी बदलताना विमानाच्या पोटावर ओल्या फडक्याने गोलगोल पुसल्याच्या खुणा मी स्वतः पाहिल्या आहेत. प्रत्येक वेळी मी अभियंत्याला बोलावले, आणि प्रत्येक वेळी आधीच्या पाळीतल्या कोणालाही काहीही ठाऊक नसायचे.

आता काळ अधिक कठीण झाला आहे, कारण विमानेच बदलली आहेत. बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० या मोठ्या विमानांचे अंग अॅल्युमिनियमचे नसून कार्बनच्या धाग्यांच्या थरांपासून बनवलेले असते आणि ही दोन्ही विमाने आज एअर इंडियाच्या ताफ्यात आहेत. अॅल्युमिनियमला ठोकर लागली की पोचा राहतो, म्हणजे धातू स्वतःच साक्ष देतो. कार्बनच्या थरांना रबरी बफर असलेल्या जड वाहनाची ठोकर लागली, तर बाहेरचा पृष्ठभाग पुन्हा पूर्ववत दिसू शकतो आणि आतले थर सुटलेले किंवा आतली कडी तडकलेली असू शकतात. उड्डाणापूर्वी वैमानिक किंवा अभियंता बॅटरी घेऊन विमानाभोवती जी फेरी मारतो, त्या फेरीत हे दिसेलच असे नाही; शिवाय फेरी झाल्यानंतर एखादी गाडी घासली, तर ती पुन्हा पाहायला कोणी येतही नाही. अशा विमानाच्या बाबतीत ठोकरीचा एकमेव खात्रीचा पुरावा म्हणजे ती ज्याच्या हातून लागली त्या चालकाचे तोंड. त्याचे तोंड बंद राहील अशी व्यवस्था आपण करून ठेवली असेल, तर लाखो रुपयांच्या तपासणी यंत्रांना कुठे पाहायचे हे सांगणार कोण?

ठोकर लागते कशी, हेही वाचकांना कळायला हवे, म्हणजे सगळे खापर चालकाच्या डोक्यावर का फुटू नये ते लक्षात येईल. एक विमान जागेवर येऊन थांबले, चाकांना चोक, म्हणजे अडवणारे ठोकळे, लागले आणि पोटाखालचा लुकलुकणारा लाल दिवा विझला, की त्याच्याभोवती दहा-बारा वाहने जमा होतात. पुढे-मागे शिड्या, दोन बेल्ट लोडर, ट्रॉल्यांच्या माळा ओढणारे ट्रॅक्टर, इंधनाची गाडी, खानपानाची उंच उचलली जाणारी गाडी, पाण्याची, शौचालयाची, वीजपुरवठ्याची, आणि शेवटी पुशबॅकचा ट्रॅक्टर. कमी भाड्याच्या कंपन्यांच्या वेळापत्रकात हा सगळा मेळा अर्ध्या तासाच्या आत येऊन, काम आटोपून निघून जायचा असतो. त्यातच विमान स्वतः स्थिर नसते. सामान आणि इंधन चढते तसे ते खाली बसते, रिकामे होते तसे वर येते. त्यामुळे दाराला नीट लावलेली शिडी किंवा लोडर पंधरा मिनिटांनी न हलताही दाराच्या कडेला टेकू शकतो. त्यावर सतत लक्ष ठेवून उंची जुळवत राहावे लागते. हे काम ज्याने केले नाही, त्याला हे कधी सुचणारही नाही.

मुंबईत या घाईला आणखी एक कारण आहे. आपल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत आणि जवळजवळ सगळा भार एका वेळी एकाच धावपट्टीवर असतो. तरीही दिवसाला नऊशेच्या वर विमाने येतात-जातात आणि वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी इथून प्रवास करतात. ठरलेली वेळ चुकली, की विमानाला पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. हा सगळा दाब वरून खाली घरंगळत शेवटी ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर येऊन थांबतो. पर्यवेक्षक ओरडतो, कारण त्याच्यावर कोणी ओरडलेले असते.

पावसाळ्याचे चार महिने तर वेगळेच असतात. ओल्या काँक्रीटवर दिवेखांबांचा उजेड परावर्तित होऊन जमिनीवरच्या लाल आणि पांढऱ्या रेषा दिसेनाशा होतात, रेनकोटच्या टोपीमुळे कडेचे दिसत नाही आणि कानाला आवाज रोखणारे संरक्षक लावलेले असल्याने हाकही ऐकू येत नाही. अशा वेळी गाडी मागे घेताना इशारा देणारा माणूस हवा, हा नियम आहे. तो माणूस पाळीत कमी असतो, ही वस्तुस्थिती आहे.

आणि झोप. २२ डिसेंबर २०१५ रोजी पहाटे कोलकाता विमानतळावर प्रवाशांची बस उभ्या विमानावर जाऊन आदळली, तेव्हा चालकाला डुलकी लागल्याचे सांगण्यात आले होते. बेंगळुरूच्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या वेळीही तेच सांगण्यात आले. दहा वर्षांच्या अंतराने दोन शहरांत तेच कारण पुढे येते, तेव्हा तो एखाद्या माणसाचा दोष मानून फाईल बंद करणे मला पटत नाही. मुंबई विमानतळावरचे बहुतेक चालक नालासोपारा, विरार, बदलापूर, टिटवाळा अशा ठिकाणी राहतात. दुसरी पाळी लांबली आणि शेवटची लोकल चुकली, की घरी जाता येत नाही. मग पहिल्या लोकलपर्यंत विश्रांतिगृहातल्या बाकावर पडायचे किंवा डबल ड्युटी घ्यायची, असे दोनच मार्ग उरतात, आणि पगार पाहता माणूस डबल ड्युटीच घेतो. वैमानिकांच्या विश्रांतीवर अलीकडे देशभर चर्चा झाली, त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम आले, आणि ते योग्यच झाले. विमानापासून हातभर अंतरावर आठ-दहा टनांचे वाहन चालवणाऱ्या माणसाच्या झोपेचा विचार त्याच गांभीर्याने झालेला मी पाहिलेला नाही.

चालक का बोलत नाही, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. १६ जुलै २०२४ रोजी कलिन्याला विमानतळावरच्या हमाली आणि तत्सम कामांच्या भरतीसाठी जी गर्दी उसळली, तिची दृश्ये सर्वांनी पाहिली आहेत. सुमारे दोन हजार जागांसाठी हजारो तरुण कागदपत्रे घेऊन रस्त्यावर उभे होते, आणि चेंगराचेंगरी होते की काय अशी वेळ आली होती. ती दृश्ये विमानतळाच्या आत काम करणाऱ्या प्रत्येक चालकानेही पाहिली. आपल्या जागेवर उद्या सकाळी दुसरा माणूस मिळेल, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. त्यातून बहुतेक जण मुदतीच्या करारावर, आणि विमानतळाच्या आतला प्रवेश परवाना व वाहन चालवण्याचा परवाना एकदा काढून घेतला की दुसऱ्या कंपनीतही दार बंद. अशा माणसाकडून आपण अपेक्षा करतो, की रात्री अडीच वाजता, कोणीही पाहिलेले नसताना, त्याने स्वतःहून आपल्या पोटावर पाय द्यावा.

माझे म्हणणे असे मुळीच नाही, की चालकाला काहीही माफ असावे. दारू पिऊन कामावर येणारा, आखून दिलेल्या वेगाची मर्यादा धुडकावणारा, मोबाइलवर बोलत विमानाजवळ गाडी नेणारा, इंजिन चालू असलेल्या विमानामागून शॉर्टकट मारणारा, या सर्वांना घरीच बसवायला हवे. मद्यपानाची श्वासचाचणी २०१९ पासून विमानतळावरच्या वाहनचालकांनाही लागू झाली आहे आणि तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मॉस्कोला २०१४ साली धावपट्टीवर आलेल्या बर्फ हटवण्याच्या गाडीला उडणारे छोटे जेट विमान धडकून फ्रान्सच्या टोटल कंपनीच्या प्रमुखांसह विमानातले चौघेही मरण पावले. आपल्या पुण्यात १५ फेब्रुवारी २०२० रोजी दिल्लीला निघालेल्या विमानाच्या वैमानिकाला धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला आणि त्याने वेळेआधी विमान उचलले म्हणून मोठा अनर्थ टळला. विमानाचे शेपूट मात्र घासले. धावपट्टीवर वाहन येणे हा अधिक भयंकर आणि स्वतंत्र विषय आहे, म्हणून त्याच्या तपशिलात इथे जात नाही. शिस्त हवी, हे मी जाणतो, एवढेच मला सांगायचे आहे. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री आपल्याच मुंबई विमानतळावर पुशबॅकनंतर इंजिनाजवळ उभा असलेला एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन जागीच गेला. तो कोणत्या कंपनीत होता हे महत्त्वाचे नाही. आम्ही सर्वांनीच त्या आठवड्यात पुशबॅक करताना वैमानिकाशी बोलण्याच्या हेडफोनची वायर हातात घट्ट धरून ठेवली होती.

नेमका फरक करायचा आहे तो बेफिकिरी आणि चूक यांच्यात. ज्याचा पाय सटकला, ज्याला अंतराचा अंदाज चुकला, ज्याची उंची जुळवताना नजर हलली आणि ज्याने ते तत्काळ कळवले, त्याला शिक्षा होणार नाही, असे लेखी अभय त्याला कामावर रुजू होतानाच मिळायला हवे. हा काही माझ्या डोक्यातून निघालेला विचार नाही. जगभरच्या नागरी विमानसेवेत ‘जस्ट कल्चर’ या नावाने तो मान्य झालेला आहे आणि वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्याबाबतीत त्याचा वारंवार उच्चारही होतो. तो पायरी उतरून रॅम्पवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या जागेवर काम करणाऱ्यांपर्यंत, आलेला नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने भूसेवा देणाऱ्या प्रत्येक कंपनीला परवाना देताना हे अभयपत्र सक्तीचे करावे आणि त्याची प्रत चालकाच्या हातात, त्याला वाचता येईल अशा भाषेत, मराठीत किंवा हिंदीत, द्यावी. जो न कळवता निघून गेल्याचे सिद्ध होईल, त्याची शिक्षा मात्र कळवणाऱ्यापेक्षा कितीतरी कडक असावी. आज उलटे आहे. जो सांगतो तो नक्की अडकतो आणि जो सांगत नाही तो बहुधा सुटतो.

त्याच्या जोडीला बिघाडाची वही जिवंत व्हायला हवी. ब्रेक, पेडल, दिवे, आरसे आणि टायर यांपैकी कशातही दोष आहे, अशी नोंद चालकाने केली, तर ती दुरुस्त होईपर्यंत ते वाहन विमानाजवळ जाता कामा नये, आणि ते नेण्यास नकार देणाऱ्या चालकावर कारवाई होऊ नये. अपघाताची चौकशी करणाऱ्याने सर्वांत आधी ती वही मागवावी. माझ्या चौकशीत कोणी ती मागवली असती, तर निदान पेडलविषयी दोन शब्द कागदावर आले असते.

यंत्रांची मदतही आता उपलब्ध आहे आणि तिच्याकडे खर्च म्हणून पाहणे अदूरदृष्टीचे आहे. विमानाजवळ येताच स्वतःहून वेग कमी करणारे आणि ठरावीक अंतरावर थांबणारे, अंतरमापक बसवलेले लोडर आणि शिड्या आज बाजारात आहेत. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जमिनीवर होणाऱ्या विमानांच्या नुकसानीचा खर्च २०३५ पर्यंत दुप्पट होऊन वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलरवर जाईल, असा इशारा दिला होता, आणि मोठ्या विमानांचे बहुतांश नुकसान ती उभी असताना वाहने आदळल्याने होते, असेही त्यात म्हटले होते. माझ्या पेडलचे रबर फार तर शंभर रुपयांचे असेल. अशी साधने आली तरी चालकाची गरज संपणार नाही, पण पाय सटकण्याची किंमत विमानाला मोजावी लागणार नाही.

हे सर्व आत्ताच लिहिण्याचे कारण नवी मुंबई विमानतळ आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने सुटू लागली. नव्या जागेवर सवयी अजून घट्ट झालेल्या नसतात. सहारला आम्ही जे चाळीस वर्षांत बिघडवले, ते तिथे पहिल्या पावसाळ्याआधी नीट बसवता येईल. तिथल्या चालकांत पनवेल, उरण, उलवे भागातली, जमिनी गेलेल्या कुटुंबांतली मुलेही असतील. त्यांच्या हातात वाहनाची किल्ली देतानाच अभयपत्रही द्यावे, आणि दोन्ही विमानतळांनी दर तिमाहीला विमानाला वाहन लागल्याच्या किती घटना कळवल्या गेल्या हा आकडा, कोणाचेही नाव न घेता, जाहीर करावा. तो आकडा पहिल्या वर्षी वाढलेला दिसेल. कृपया आपल्या वार्ताहरांनी त्या वेळी ‘अपघात वाढले’ असा मथळा देऊ नये, कारण वाढलेले असेल ते कळवणे.

शेवटची विनंती वाचकांना आहे, कारण त्यांतले अनेक जण प्रवासी आहेत आणि खिडकीशी बसतात. विमान उभे असताना एखादी गाडी विमानाला टेकताना दिसली, धक्का जाणवला किंवा कोणी विमानाच्या अंगावर फडका फिरवताना दिसले, तर ताबडतोब जवळच्या केबिन कर्मचाऱ्याला सांगावे आणि वैमानिकापर्यंत निरोप पोचवायला सांगावे. आपल्याला त्यातले काय कळते, असे वाटून गप्प बसू नये. दार लागलेले असले, तरी विमान जागेवरून हललेले नसेल तोवर खाली अभियंता उभा असतो आणि त्याच्याजवळ बॅटरी असते.

आपला,
एक निवृत्त रॅम्प चालक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई